पेशींतील ने-आण



मी राहतों तें पळसदरी हें कर्जतच्या पुढचें, घाटाच्या पायथ्याशीं वसलेलें लहानसें गांव. मुंबईकडून आलेला लोहमार्ग आमच्या येथें दुभंगतो. एक फांटा खोपोलीस जातो. दुसरा बोरघाट चढून खंडाळ्यास व तेथून पुण्यास जातो. यांपैकीं खोपोलीचा फांटा वयानें वडील. १८५६ सालीं गाडी खोपोलीपर्यंत आली आणि डोंगर समोर पाहून कांहीं वर्षें तेथेंच थबकली. आजही संध्याकाळीं फलाटावर बसलें म्हणजे पुण्याच्या मोठ्या गाड्या, कर्जतेस मागें लावलेल्या एंजिनांचा रेटा घेऊन, आमच्याकडे ढुंकूनही न पाहतां वर निघून जातांना दिसतात. खोपोलीची लोकल मात्र थांबते, आमचीं माणसें व भाजीच्या पाट्या उतरविते आणि पुढें जाते.

माझ्या शिक्षकीच्या दिवसांत मुलांना घेऊन मी त्या बाजूस फिरावयास गेलों कीं एक प्रश्न हटकून येई: ‘गुरुजी, गाडीला आपला रस्ता कसा कळतो?’ मी सांगत असें, ‘गाडीला कांहींच कळत नाहीं. कळतें तें सांधा बदलणाऱ्याला.’ या उत्तरानें मुलांचें समाधान होई आणि माझेंही होई. परंतु पुढें शास्त्रविषय शिकवितांना पेशीचा धडा आला, त्या धड्यापलीकडचें थोडेंबहुत मी वाचूं लागलों, आणि हाच प्रश्न मला पुन्हां भेटला. या वेळीं माझें जुनें उत्तर चालेना. कारण पेशीच्या आंत हजारों गाड्या धांवत असतात, परंतु सांधा बदलणारा तेथें कोणी नाहीं. स्टेशनमास्तर नाहीं कीं वेळापत्रक नाहीं. मग माल योग्य जागीं पोंचतो कसा? आणि पोंचल्यावर दार कोण उघडतें? या प्रश्नांचीं उत्तरें आज शास्त्रज्ञांना बऱ्याच अंशीं सांपडलीं आहेत. तीं ऐकण्याजोगीं तर आहेतच; शिवाय आपल्या घराशीं, विशेषतः घरांतल्या बाळंतिणीच्या खोलीशीं, त्यांचा फार जवळचा संबंध आहे. तो शेवटीं सांगेन.

प्रथम पेशीचें घर पाहूं. आपल्या शरीरांतील एखादी पेशी सामान्यतः मिलिमीटरच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागाएवढी असते. इतक्याशा जागेंत भिंती घालून निरनिराळ्या खोल्या केलेल्या आहेत. बाहेर पाठवावयाचीं प्रथिनें जेथें तयार होतात ती एक चुणीदार जागा. त्या प्रथिनांवर संस्कार करून त्यांची वर्गवारी करणारी, गॉल्जी नांवाची, दुसरी. जुनापुराणा माल पचवून टाकणारी तिसरी. आणि या सर्वांभोंवतीं पेशीची स्वतःची बाहेरची भिंत. या भिंती स्निग्ध रेणूंच्या दुपदरी पटलाच्या असतात, आणि त्या पटलाची जाडी सुमारें ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग असते.

आतां माल एका खोलींतून दुसऱ्या खोलींत न्यावयाचा, तर तो उघड्यावरून नेत नाहींत. पहिल्या खोलीच्या भिंतीला एक बारीकसा फुगा येतो, त्यांत माल भरला जातो, आणि तो फुगा भिंतीपासून तुटून सुटा होतो. या सुट्या झालेल्या सूक्ष्म पिशवीस पुटिका म्हणतात. ५० नॅनोमीटर व्यासाच्या वीस हजार पुटिका ओळीनें मांडाव्या तेव्हां ती ओळ एक मिलिमीटर भरावयाची. अशी पुटिका दुसऱ्या खोलीच्या भिंतीशीं जाते, तिचें पटल व त्या भिंतीचें पटल एकजीव होतें, आणि आंतील माल पलीकडे रिता होतो. आपण जेवलों कीं स्वादुपिंडाच्या पेशी पाचक रस बाहेर सोडतात, तो याच रीतीनें. जॉर्ज पॅलेड या रुमानियांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें किरणोत्सर्गी द्रव्याची खूण लावून स्वादुपिंडाच्या पेशींतील या मालाचा माग काढला. आल्बेर क्लोद व क्रिस्तिआं द द्यूव्ह यांच्यासमवेत त्यास १९७४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें आगगाडीची उपमा थोडी लंगडी पडते, हें आधींच सांगितलेलें बरें. आपल्या गाडीचा डबा फलाटाशीं उभा राहतो. उतारू उतरले तरी डबा तो डबाच. पुटिकेचा डबा मात्र फलाटांत मिसळून फलाटच होऊन जातो. म्हणून येथील चूक ही भलत्या स्टेशनावर उतरण्याएवढी किरकोळ नसते. पाचक द्रव्यांची पिशवी नको त्या भिंतीशीं एकजीव झाली, तर तीं द्रव्यें नको तेथें सांडतील आणि शरीर स्वतःलाच पचवूं लागेल.

सुदैवानें दोन पटलें आपण होऊन सहसा एकजीव होत नाहींत. पटलाचा गाभा स्निग्ध असला, तरी त्याच्या दोन्ही बाजू पाण्याला धरून राहणाऱ्या असतात. दोन पटलें समोरासमोर आलीं तरी त्यांच्यामध्यें पाण्याचा एक पातळ थर राहतोच, आणि तो पिळून काढण्यास चांगलाच जोर लागतो. या अडचणीमुळेंच पेशीच्या खोल्या शाबूत राहतात; नाहींतर सगळें घर क्षणार्धांत एकच खोली होऊन बसतें. परंतु त्यामुळें प्रश्न दुहेरी होतो. परक्या भिंतीशीं कधीं मिसळावयाचें नाहीं, आणि आपल्या भिंतीशीं मिसळल्यावांचून राहावयाचें नाहीं! पोंचणें निराळें आणि मिळणें निराळें. या दोहोंसाठीं पेशीनें ज्या व्यवस्था केल्या आहेत, त्यांतील मुख्य तीन आपण क्रमानें पाहूं.

पहिली व्यवस्था नांवपट्टीची. राब या नांवाच्या प्रथिनांचें एक मोठें कुटुंब आहे. माणसाच्या पेशींत त्याचे साठांहून अधिक सभासद आहेत. आमच्याकडे राब म्हणजे भाताच्या रोपांसाठीं पालापाचोळा घालून भाजलेली जमीन. त्या राबाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. उंदराच्या मेंदूंत तें प्रथम ओळखलें गेलें, म्हणून इंग्रजी आद्याक्षरांवरून हें नांव पडलें. एकेक राब एकेका खोलीच्या, किंवा तिकडे जाणाऱ्या पुटिकांच्या, अंगावर बसतें आणि ‘हा माल अमक्या ठिकाणचा’ हें दर्शवितें. मौज अशी कीं ही पट्टी कायमची डकवलेली नसते. जीटीपी नांवाचा रेणू जवळ असतांना राब जागें असतें व पटलाला धरून राहतें. त्या रेणूचा एक तुकडा तुटला कीं तें निजतें व पटलावरून उचललें जातें. मालाच्या पेटीवर मागील फेरीचें लेबल राहून ती भलतीकडे जावी, असा प्रकार आपल्याकडे पुष्कळदां घडतो. पेशीनें तो टाळण्यासाठीं आपोआप मिटणारें लेबल केलें आहे.

दुसरी व्यवस्था गळाची. विहिरींत पडलेली बादली काढावयाची म्हणजे आपण दोरीला गळ बांधून सोडतों. बादली हाताशीं यावयाच्या आधीं ती दुरून पकडावी लागते. तशीं लांब, दोरीसारखीं प्रथिनें खोलीच्या भिंतीवरून बाहेर आलेलीं असतात, आणि तीं नांवपट्टी ओळखून जवळून जाणारी पुटिका अडकवून घेतात. त्यांपैकीं ईईए-१ या नांवाचें एक प्रथिन ताठ उभें असतां सुमारें २०० नॅनोमीटर लांब असतें, म्हणजे लहानशा पुटिकेच्या चौपट. त्याच्या टोकाशीं योग्य तें राब लागलें कीं तें एकाएकीं लवचिक होऊन आखडतें आणि पाहुण्याला भिंतीकडे ओढतें, असें ड्रेस्डेन येथील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें.

इतकें झालें तरी पुटिका दाराशीं येऊन ठेपली एवढेंच. ती अद्याप मिळाली नाहीं. मिळविण्याचें काम तिसरी व्यवस्था करते. आणि ती आहे पिळाची.

वाखाचा दोर वळतांना आपण पाहिला असेल. दोन माणसें समोरासमोर उभीं राहिलीं आहेत, प्रत्येकाच्या मुठींत एकेका पेडाचें मूळ घट्ट धरलेलें आहे, आणि दोन्ही पेडांचीं मोकळीं टोकें मध्यें एकमेकांत वळावयास घेतलीं आहेत, असें समजा. पीळ टोकाकडून मुठींकडे चढत येईल तसतशा त्या दोन मुठी एकमेकींकडे ओढल्या जातील, आणि मुठी सोडल्या नाहींत तर शेवटीं त्या एकमेकींवर दाबून बसतील. पेशींत नेमकें हेंच घडतें. पुटिकेच्या पटलांत एका टोकानें रुतलेलें एक प्रथिन असतें. समोरच्या भिंतीवर त्याचे जोडीदार असतात. मज्जातंतूच्या टोकाशीं पुटिकेवरच्या प्रथिनास सिनॅप्टोब्रेव्हिन म्हणतात, आणि भिंतीवरच्या दोघांस सिन्टॅक्सिन व स्नॅप-२५. पहिल्या दोघांचा एकेक पेड व तिसऱ्याचे दोन, असे चार पेड एकत्र येतात, दूरच्या टोकाकडून त्यांस पीळ चढूं लागतो, आणि तो पटलापर्यंत पोंचला म्हणजे मधलें पाणी हटून दोन पटलें एकजीव होतात. या प्रथिनांच्या वर्गास स्नेअर म्हणजे फांस असें नांव आहे. जेम्स रॉथमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं जनावरांच्या मेंदूच्या अर्कांतून हा तिघांचा जुडगा एकत्र धरून बाहेर काढला. पुढें १९९८ सालीं त्यांनीं कृत्रिम स्निग्ध बुडबुड्यांवर नुसतीं हीं प्रथिनें बसवून ते बुडबुडे एकजीव होतात असें दाखविलें. आणि त्याच वर्षीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं चार पेडांच्या या दोराची अणुरचनाही रेखाटली.

माणसांत अशीं स्नेअर तीन डझनांच्या आसपास आहेत, आणि कोणतेंही कोणाशींही वळलें जात नाहीं. तेव्हां ही जोडी जुळणें ही एक पारखही आहे. परंतु कांहीं स्नेअर एकाहून अधिक ठिकाणीं चालतात, म्हणून पेशी एकट्या त्या पारखेवर विसंबत नाहीं. नांवपट्टी ओळखली, गळ लागला आणि पेडही जुळले, अशी तिहेरी साक्ष पटल्यावरच दार उघडतें. मुलांना जें उत्तर मीं दिलें होतें त्याची दुरुस्ती येथें आहे. सांधा बदलणारा नसला तरी चालतें. मात्र येणाऱ्यानें व घेणाऱ्यानें एकमेकांस अनेक खुणांनीं ओळखलें पाहिजे.

कांहीं ठिकाणीं यावरही एक अट असते. मज्जातंतूच्या टोकाशीं पुटिका भिंतीला लागून, पीळ अर्धामुर्धा चढवून, घाटाच्या तोंडाशीं सिग्नलसाठीं उभ्या असलेल्या गाडीप्रमाणें वाट पाहत असतात. मेंदूकडून संदेश आला कीं तेथें कॅल्शियम आंत शिरतो. सिनॅप्टोटॅग्मिन नांवाचें प्रथिन त्याची चाहूल घेतें, आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आंत पुटिका मिळून जाते. या सिग्नलाचा उलगडा मुख्यतः टोमास झ्यूडहोफ यांनीं केला. आपण बोट हालवितों, पापणी मिटतों, हा माझा आवाज ऐकून त्याचा अर्थ लावतां, त्या प्रत्येक क्रियेंत असे असंख्य पीळ चढत असतात.

हें ज्ञान आलें कोठून? बरेंचसें बिघाडांवरून आलें. रँडी शेकमन यांनीं पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या साध्या पेशी घेतल्या. त्यांच्यांत कांहीं वाण असे निघाले, कीं २५ अंशांवर त्यांचें ठीक चाले आणि ३७ अंशांवर नेलें कीं बाहेर जाणारा माल अडून बसे. पीटर नोव्हिक यांच्यासमवेत १९७९ सालीं त्यांनीं यांतील पहिल्या वाणाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या पेशी न सुटलेल्या पुटिकांनीं खच्चून भरलेल्या दिसत होत्या. पुढल्याच वर्षीं वाहतुकीस लागणारीं २३ जनुकें त्यांनीं वेगळीं काढलीं. रॉथमन, शेकमन व झ्यूडहोफ या तिघांस २०१३ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें.

आपल्या मुंबईचाही या कथेंत भाग आहे. दोर वळणें सोपें, तो उलगडणें कठीण. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं’ असें आपण म्हणतों, तें या स्नेअरच्या दोरास इतकें लागू पडतें, कीं तो विस्कटण्यास प्रयोगनळींत जवळजवळ उकळत्या पाण्याची उष्णता लागते. पण पटलें मिळाल्यावर हा पीळ सुटला नाहीं, तर पुढच्या पुटिकेसाठीं मोकळे पेड कोठून आणावयाचे? हें उलगडण्याचें काम एनएसएफ नांवाचें प्रथिन इंधन खर्चून करतें. रॉथमन यांनीं तें १९८८ सालीं शुद्ध स्वरूपांत मिळविलें. त्याच्या कितीतरी आधीं, १९६२ सालीं, डॉ. होमी भाभा यांच्या आमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी यांनीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. सिद्दीकी व अमेरिकेंतील सीमूर बेन्झर या दोघांनीं १९७६ सालीं, ऊन लागतांच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एका वाणाच्या माश्या ३८ अंशांच्या आसपास निपचित पडत आणि पुन्हां गारव्यांत आणल्या तरी फार सावकाश सावरत. म्हणून त्या वाणास ‘कोमाटोज’, म्हणजे बेशुद्ध, असें नांव मिळालें. जवळजवळ वीस वर्षांनीं, १९९५ सालीं, उलगडा झाला कीं या माशींत बिघडलेलें जनुक म्हणजे याच एनएसएफचें जनुक. पीळ सुटेना, मोकळे पेड संपले, आणि माशी लुळी पडली! टाटा संस्थेंत पुढें के. एस. कृष्णन् यांनीं या माश्यांवर पुष्कळ संशोधन केलें.

आतां बाळंतिणीच्या खोलीकडे येतों.

१९७० च्या सुमाराची गोष्ट आहे. मला एक धाकटा भाऊ झाला. बाळंतपण घरींच झालें. सुईण अनुभवी होती, प्रेमळ होती. तिनें नाळ घरांतल्या विळ्यानें कापली आणि वरून शेणीची राख दाबली. तिच्या आईनें तिला शिकविलें होतें तेंच तिनें केलें. बाळ चांगलें रडलें, चांगलें प्यालें. सहाव्या दिवशीं सकाळीं तें दूध ओढीनासें झालें. त्या रात्रीं रीतीप्रमाणें पाट्याची पूजा मांडून, सटवीनें बाळाचें नशीब लिहावें म्हणून एक कोरा कागद व लेखणी जवळ ठेविली होती. आंतल्या खोलींत बाळाचें तोंड मिटलेलें होतें, मुठी वळल्या होत्या, आणि दार जरा जोरानें वाजलें तरी त्याची पाठ कमानीसारखी वांकत होती. आठव्या दिवशीं तें गेलें. बायका म्हणाल्या, सटवीनें नेलें. तो कागद मी पाहिला. तो कोराच होता.

त्या रोगाचें नांव धनुर्वात. आयुर्वेदांत त्यास धनुःस्तंभ म्हटलें आहे, आणि दोन्ही नांवें त्या वांकलेल्या पाठीवरूनच पडलीं आहेत. त्याचे जंतु मातींत व जनावरांच्या शेणांत बीजरूपानें वर्षानुवर्षें पडून राहतात. हवा न पोंचणाऱ्या जखमेंत त्यांस जाग येते आणि ते एक विष तयार करतात. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनीं १८८९ सालीं हा जंतु शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. त्याच्या विषाचा, एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी, एवढा अंश मोठ्या माणसाचा प्राण घेण्यास पुरतो. इतक्या थोड्या विषानें एवढा अनर्थ कसा होतो, हें मात्र त्यानंतर शंभर वर्षें कोडेंच होतें.

तें विष मज्जातंतूच्या टोकाशीं शिरतें, आणि मौज नव्हे, दुर्दैव असें कीं पेशीच्याच एका पुटिकेंत बसून, बिनतिकिटाच्या उतारूप्रमाणें, तंतूच्या मार्गानें उलट पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत प्रवास करतें. तेथें तें स्नायूंना आवरून धरणाऱ्या पेशींत उतरतें. घाट उतरणाऱ्या गाडीस एंजिनापेक्षां ब्रेकचें महत्त्व अधिक, हें आमच्या भागांत लहान मुलासही ठाऊक आहे. स्नायूंचेंही तसेंच आहे. आंखडण्याची आज्ञा देणाऱ्या पेशींवर, ‘पुरे, आतां सैल सोड’ असें सांगणाऱ्या दुसऱ्या पेशींचा ताबा असतो, आणि हा निरोप पुटिकांतूनच जातो. १९९२ सालीं इटलींतील पादुआ येथील शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं धनुर्वाताचें विष ही एक कात्री आहे. ती सिनॅप्टोब्रेव्हिन या एकाच पेडाला, ठराविक एकाच ठिकाणीं कापते. एका पुटिकेवर या प्रथिनाच्या सुमारें ७० प्रती असतात; कात्री स्वतः न झिजतां एकामागून एक कापीत सुटते.

परिणाम काय होतो पाहा. पुटिका भरलेल्या असतात, दाराशीं उभ्याही असतात. पण पेड तुटल्यामुळें पीळ चढत नाहीं आणि दार उघडत नाहीं. निरोप दाराशीं पोंचला, परंतु पलीकडे मिळाला नाहीं. ब्रेक गेला. मग जबडा आवळतो, पाठ वांकते, आणि शेवटीं श्वासाचे स्नायूही आखडतात. सहा दिवसांच्या बाळाच्या मिटलेल्या तोंडाचें कारण एवढेंच होतें. तें कोठें लिहिलेलें नव्हतें. विळ्याच्या पात्यावर होतें.

एकदां पेशींत शिरलेल्या विषावर उतारा चालत नाहीं. प्रतिविष दिलें तर तें बाहेर राहिलेल्या विषास निकामी करतें; आंत झालेली कापाकापी भरून येण्यास आठवडे लागतात, आणि तोंवर रोग्यास जगवावें लागतें. शिवाय हा रोग होऊन गेला तरी अंगीं प्रतिकार येत नाहीं, कारण विषाची मात्रा शरीरानें दखल घ्यावी इतकीही नसते. म्हणून कात्री आंत शिरण्यापूर्वीं तिला धरणें हाच मार्ग. फ्रान्समधील गास्तों रामों यांनीं १९२० नंतरच्या दशकांत फॉर्मॅलिनच्या साह्यानें विषाची धार मारून, त्याची ओळख तेवढी शिल्लक ठेवण्याची युक्ति काढली. ती ओळख टोंचून दिली कीं रक्तांत रखवालदार तयार राहतात. आमच्या घाटापलीकडे, पुण्यास, १९६६ सालीं स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या आरंभींच्या उत्पादनांत घोड्यांच्या रक्तापासून केलेलें धनुर्वाताचें प्रतिविष होतें. गरोदर स्त्रीस लस टोंचली म्हणजे तिच्या रक्तांतील रखवालदार वारेंतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्याचें रक्षण करतात.

या लशीचें, स्वच्छ पात्याचें आणि दवाखान्यांतील बाळंतपणांचें फळ असें, कीं २०१५ सालीं, माता व नवजात बालकें यांच्यांतील धनुर्वाताचें आपल्या देशांतून निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. येथें निर्मूलन या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यांत दर हजार जिवंत जन्मांमागें एकाहून कमी बालकास हा रोग होणें, एवढाच तो अर्थ आहे. देवीचा रोग माणसांतच राहत होता, म्हणून तो समूळ गेला. धनुर्वाताचें बीज मातींत आहे. तें आमच्या भाताच्या खाचरांत आहे, गोठ्यांत आहे, आणि शहरांतील बागेच्या कुंडींतही असूं शकतें. माती निर्जंतुक करणें कोणासही शक्य नाहीं. तेव्हां लस थांबली कीं रोग परत येईल.

म्हणून निरोप घेण्यापूर्वीं एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. पूर्वीं टीटी म्हणून जी सुई देत, तिच्या जागीं आतां घटसर्पापासूनही बचाव करणारी टीडी देतात. गरोदर स्त्रीस ती दिवस राहिल्याचें कळतांच लौकर एकदां, व चार आठवड्यांनीं दुसऱ्यांदां द्यावयाची असते. मागील तीन वर्षांत गरोदरपणीं दोन्ही सुया झालेल्या असल्यास एक पुरते. मुलांस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि पुढें दीड व पांच वर्षांच्या सुमारास दिलेल्या लशींत ती अंतर्भूत असते. परंतु दहाव्या व सोळाव्या वर्षींच्या सुयांचा बहुतेक घरांत विसर पडतो. आपल्या घरांतील मुलांचें लसीकरणाचें कार्ड आज रात्रीं काढून त्या दोन रकाने भरलेले आहेत कीं कोरे आहेत, तेवढें पाहावें, अशी माझी विनंती आहे.